समुद्रावर सूर्यास्ताचे फोटो काढायला जाताय? आधी तिथी बघा, सेटिंग नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरहून फॅमिली घेऊन डिसेंबरच्या शेवटी चार दिवस गणपतीपुळे-रत्नागिरीला जायचंय, जवळ एक जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स, साधा ट्रायपॉड आणि मिसेसचा चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. मागच्या वेळी फोटोत सूर्य म्हणजे पांढरा ठिपका आणि खालचं सगळं काळंकुट्ट आलं होतं, तर या वेळी सेटिंग काय ठेवायची.

सेटिंग सांगतोच खाली. पण मी सोलापुरात राहून इतकी वर्षं हे काम करतोय, लग्नाचा सीझन उरकला की कोकणात जातो, बरोबर शिकणारी पोरंही असतात, आणि दर वेळी एकच गोष्ट दिसते की फोटो चांगला येणार की नाही हे निम्म्याहून जास्त सोलापुरातच ठरलेलं असतं. पाणी त्या वेळी कुठं असणार, सूर्य नेमका कुठं बुडणार आणि ढग कसले असणार, या तीन गोष्टी ठरल्या की सेटिंग दोन मिनिटांचं काम आहे. त्या ठरल्या नाहीत तर लाखाचा कॅमेरा असला तरी तो नेहमीचाच फोटो येतो, मधोमध सूर्य, वर आकाश, खाली पाणी, आणि गावाकडं आल्यावर कुणी दुसऱ्यांदा बघत नाही.

सुरुवात पाण्यापासून करतो, कारण आपल्या सोलापूरकरांचं इथंच चुकतं. आपण तळ्याकाठची माणसं, कंबर तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही, दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, एका भरतीपासून दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणजे रोज वेळ जवळजवळ पन्नास मिनिटं पुढं सरकते. सूर्यास्त मात्र रोज तेवढ्यालाच. त्यामुळं एकाच जागेवर, एकाच वेळेला, आठवड्याच्या अंतरानं गेलात तर एकदा समोर ओल्या वाळूचा आरसा मिळेल, त्यात आख्खं लाल आकाश उतरलेलं असेल, आणि एकदा पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असेल, उभं राहायला जागा नसेल.

आता हे आधीच कसं ओळखायचं, तर घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर पुरेसं आहे. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे येईल तो भरतीचा तास. म्हणजे अष्टमीला आठची पाऊणपट सहा, तर सहाच्या सुमाराला भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री भरती, मग संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी. मुंबईच्या बाजूला हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो, खाली रत्नागिरी-मालवणकडं भरती थोडी आधी येते, म्हणून अर्धा-पाऊण तास अलीकडं धरायचं. हा अंदाज आहे हं, तारखा ठरवण्यापुरता. त्या दिवसाची नेमकी वेळ टाइड टेबलमध्ये बघायचीच, सर्व्हे ऑफ इंडियाची टेबलं असतात, मोबाईलवर फुकटची ॲपही बरीच आहेत. पण सुट्टी कुठल्या आठवड्यात टाकायची हे ठरवताना तिथीच सगळ्यात पटकन सांगते.

यातनं निघतं काय ते बघा. पौर्णिमा किंवा अमावस्या झाल्यावर प्रतिपदेपासून पंचमी-षष्ठीपर्यंत सूर्यास्ताच्या वेळी पाणी मागं जात असतं. हे आपल्या कामाचे दिवस. पाणी मागं जाताना वाळू ओली आणि गुळगुळीत सोडून जातं, दिवसभरातले पायाचे ठसे, गाड्यांच्या चाकांचे वण सगळं पुसलेलं असतं, पाण्यात बुडालेला कातळ हळूहळू वर यायला लागतो, त्याच्या खड्ड्यांत पाणी साचलेलं राहतं आणि त्यात रंग दिसतात. आणि पाणी तुमच्यापासून लांब जातंय म्हणून जिवाला घोर नाही. उलट नवमी-दशमीपासून चतुर्दशीपर्यंत सूर्यास्ताला पाणी चढत असतं. त्या दिवसांत फोटो येत नाही असं नाही, लाटा खडकावर आपटतानाचे चांगले येतात, पण ते वाळूवरनं किंवा उंचावरनं काढायचे. कातळावर पुढं पुढं जाऊन बसलात आणि नजर व्ह्यूफाइंडरला असली तर मागची वाट कधी पाण्याखाली गेली ते कळत नाही. अंधार पडायला लागलेला असतो, शेवाळलेला दगड असतो, आणि पाठीवर बॅग. एवढ्या एका कारणासाठीच तिथी बघा म्हणून मी सगळ्यांच्या मागं लागतो.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती जास्त वर आणि ओहोटी जास्त खाली. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची चढउतार कमी. म्हणून रुंद ओली वाळू पाहिजे असेल तर उधाणाच्या नंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात चांगले.

मला विचाराल तर सगळ्यात भारी दिवस म्हणजे अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया. पाणी उतरत असतं हे तर झालंच, वर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेलाच चंद्राची बारीक कोर दिसायला लागते, लालसर-जांभळ्या आकाशात, आणि ओल्या वाळूत तिचं प्रतिबिंबसुद्धा येतं. संकष्टीलाही पाण्याचं गणित छान असतं, पण गणपतीपुळ्याला त्या दिवशी दर्शनाची गर्दी, किनाराभर माणसं. देवदर्शन त्या दिवशी करा, फोटोला बाजूच्या आरे-वारेला जा.

आता सूर्य. सोलापूर साधारण ७५.९ रेखांशावर आहे आणि गणपतीपुळे ७३.३ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिकडं सूर्य आपल्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथं साधारण ६ वाजून १० मिनिटांच्या आसपास धरा. बऱ्याच जणांना वाटतं सगळ्यात लवकर सूर्यास्त २१-२२ डिसेंबरला, तसं नाही, तो दिवस सगळ्यात लहान असतो पण सगळ्यात लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटी येतो, तेव्हा तिकडं सहालाच सूर्य जातो. जूनच्या अखेरीला हाच सूर्यास्त सव्वासातच्या जवळ असतो.

वेळेपेक्षा दिशा महत्त्वाची आणि दिशेकडं कुणी बघतच नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आपल्याला माहिती आहे, मावळतीचे किरण महाद्वारातनं सरळ गाभाऱ्यात जातात, नोव्हेंबरच्या ९ ते ११ च्या सुमाराला आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीच्या सुमाराला. वर्षातनं दोनदाच का, तर सूर्य मावळायची जागा रोज सरकत असते, दक्षिणेकडं जाताना एकदा त्या रेषेवर येतो आणि उत्तरेकडं परत फिरताना दुसऱ्यांदा. समुद्रावरही हेच. कोकण किनाऱ्यावर डिसेंबरात सूर्य बरोबर पश्चिमेच्या २४-२५ अंश दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला, आणि मार्च-सप्टेंबरच्या २०-२२ च्या आसपास बरोबर पश्चिमेला. दोन टोकांत जवळजवळ पन्नास अंशांचा फरक. म्हणजे कुणाच्या तरी फोटोत सूर्य एखाद्या बेटाच्या किंवा किल्ल्याच्या बुरुजाच्या शेजारी बसलेला बघून तुम्ही तिथं वेगळ्या महिन्यात गेलात तर सूर्य भलतीकडंच असणार, डोंगराच्या आडसुद्धा जाऊ शकतो.

तुमच्या बाबतीत एक सोय आहे. डिसेंबरअखेर सूर्य दक्षिणेच्या टोकाजवळ असतो, त्या दिवसांत दिशा जवळजवळ हलतच नाही. म्हणजे किनाऱ्यावर पश्चिमेला तोंड करून उभं राहिलात की सूर्य डाव्या हाताला, आणि चारही संध्याकाळी तिथंच. पहिल्या दिवशी जागा पक्की केली की ती चारही दिवस चालते. बदलणार ते फक्त पाणी, पहिल्या आणि चौथ्या दिवसात अडीच तासांचा फरक पडेल. फोनमध्ये फोटोपिल्स किंवा सन सर्व्हेअर असलं की नकाशावर त्या तारखेची सूर्यास्ताची रेघ दिसते, ती घरी बसून बघायची. ॲप घ्यायचं नसलं तर साधं होकायंत्र, २४५ अंशांकडं तोंड करा, तिथं सूर्य.

सूर्य बुडायला अजून किती वेळ आहे ते मोजायला हात लांब ताणून मूठ धरायची. मूठ साधारण दहा अंश. क्षितिजापासून सूर्यापर्यंत एक मूठ बसली तर चाळीसेक मिनिटं उरलीत. आपल्या भागात सूर्य फार तिरका न जाता बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळं सगळं पटापट होतं. क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटं, बास. त्या अडीच मिनिटांत लेन्स बदलायची, ट्रायपॉड उघडायचा, पोरगं कुठं गेलं ते बघायचं, हे काही जमत नाही. सूर्यास्ताच्या दीड तास आधी जागेवर, पाऊण तास आधी ट्रायपॉड लावलेला, असं धरून चाला.

डिसेंबर-जानेवारीत अजून एक भानगड असते. क्षितिजावर धुरकट पट्टा असतो, सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्यात विरून जातो. एक अंशाचा पट्टा असला तरी चार-पाच मिनिटं गेली. म्हणून ६:१० ची वाट बघत बसू नका, पावणेसहापासून काढायला सुरुवात करा. या धुरक्याचा फायदाही आहे, सूर्याचा झगझगाट कमी होतो, गोळा नीट गोल आणि केशरी दिसतो, ५५-२५० लावायची वेळ तीच.

ढगांचं थोडक्यात. स्वच्छ निळं आकाश सहलीला छान, फोटोला साधारण. उंचावरचे पातळ, पिंजल्यासारखे ढग असले की रंग भरतो, कारण सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही त्याचा प्रकाश खालनं वर त्या ढगांच्या पोटाला लागतो. क्षितिजावर प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, डोक्यावर सूर्य असताना असतो त्याच्या जवळजवळ अडतीसपट, वाटेत निळा प्रकाश विखरून जातो, लाल-केशरी उरतो आणि तोच ढगांवर पडतो. पण ही वाट पश्चिमेला लांबपर्यंत मोकळी पाहिजे. दुपारी तीन-चारला हवामान खात्याचं उपग्रहाचं चित्र उघडून समुद्रावर दोनेकशे किलोमीटर बघायचं, तिकडं जाड ढगांची भिंत असली तर तुमच्या डोक्यावर कितीही सुंदर ढग असोत, रंग यायचा नाही. किनाऱ्याजवळ ढग आणि लांब मोकळं, असं असलं तर जेवण सोडून पळा. ऑक्टोबर महिना यासाठी सोन्यासारखा, पाऊस नुकताच धुऊन गेलेला, हवा स्वच्छ, वर ढग. मे महिन्याच्या शेवटी पावसाआधीचे ढगही जबरदस्त असतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, तेव्हाचे फोटो वेगळे पण पाण्याजवळ जायचं काम नाही. लाटांचा इशारा असला तर इन्कॉइसच्या (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) साइटवर येतो, निघायच्या आधी एकदा बघायचा.

जागा. सोलापूरहून मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर आणि मग आंबा घाट, साडेतीनशेच्या पुढं किलोमीटर होतात, पहाटे निघालात तर दुपार. पहिल्या संध्याकाळी दमलेले असता, त्या दिवशी भारी फोटोच्या मागं लागू नका, फक्त फिरा, कातळ कुठं आहे, वाट कशी आहे, गाडी कुठं लावायची ते बघा. गणपतीपुळ्याचा किनारा फॅमिलीच्या फोटोंना ठीक. फोटोग्राफीला आरे-वारेची वळणावरची उंच जागा चांगली, खाली दोन्ही किनारे दिसतात, लाटांच्या पांढऱ्या कडा, सुरूची झाडं, आणि वरनं काढल्यामुळं पाणी वर आहे की खाली याची फार चिंता नाही. म्हणजे तिथी वाकडी आली तर ही जागा. रत्नागिरीत रत्नदुर्गावर भगवती देवीच्या देवळाच्या बाजूनं खाली समुद्र आणि दूरपर्यंत क्षितिज मिळतं. मांडवीला जेट्टीवर माणसं फिरायला येतात, त्यांच्या काळ्या आकृत्या छान मिळतात. पुढं कधी दापोलीकडं गेलात तर हर्णै बंदर, संध्याकाळी मासळीचा लिलाव, बैलगाड्या-होड्या-माणसं यांची झुंबड आणि मागं समुद्रात सुवर्णदुर्ग. मालवणला सिंधुदुर्ग. पण एका ट्रिपमध्ये एवढं कोंबू नका, चार संध्याकाळींसाठी दोन जागा पुरे.

आता तुमचा पांढरा ठिपका. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही वेगळी आहेत.

एक, सूर्य फोटोत लहान येतो कारण तो आहेच लहान, आकाशात जेमतेम अर्धा अंश. सेन्सरवर सूर्याचा आकार काढायचा तर फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिमीचा आकडा) साधारण १०९ नं भागायचं. १८ मिमीला तो ०.१७ मिमी येतो, तुमच्या सेन्सरची उंची १५ मिमी, म्हणजे उंचीचा नव्वदावा हिस्सा, ठिपकाच. २५० ला २.३ मिमी, उंचीचा सहावा-सातवा हिस्सा, आता गोळा दिसायला लागतो. पण नुसता मोठा गोळा काढून काय करणार, त्याच्यासमोर काहीतरी पाहिजे, आणि ते योग्य अंतरावर पाहिजे. माणूस सूर्याएवढा दिसायला हवा असेल तर तो तुमच्यापासून १८०-१९० मीटर लांब पाहिजे. दहा मीटरची होडी सूर्याच्या रुंदीएवढी दिसायला किलोमीटरभर लांब. लोक मुलाला दहा मीटरवर उभं करून हातात सूर्य धरायला लावतात ते वेगळं. तुम्ही वाळूवर मागं मागं जा, दोनशे पावलांच्या पुढं, २५० लावा, खाली बसा, आणि कडेनं चालणाऱ्या माणसांची वाट बघा. कोळी जाळं खांद्यावर टाकून जात असेल, एखादी बाई पोराचा हात धरून चालली असेल, पाय वेगळे दिसतात तो क्षण पकडायचा, दोन्ही पाय एकमेकांवर आले की काळी आकृती खांबासारखी दिसते.

इथं एक सक्त सूचना. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावून २५० मिमीवर उघड्या सूर्याकडं बघायचं नाही, अजिबात नाही. लेन्स तो सगळा प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडते. लाइव्ह व्ह्यू चालू करा, मागच्या स्क्रीनवर बघा, आणि सूर्य वर असताना तेही सतत धरून ठेवू नका. पोरांना तर कॅमेरा देऊच नका त्या वेळी.

दुसरं कारण एक्स्पोजर. आकाश आणि जमीन यांच्यात उजेडाचा फरक इतका असतो की ऑटोवर कॅमेरा दोन्ही सांभाळू शकत नाही. मॅन्युअल मोड, रॉ फाइल (सेन्सरची कच्ची फाइल), आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतो तो आकडा) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवून द्या, बदलायचं फक्त शटर (उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदात). मीटरिंग स्पॉटवर (कॅमेरा फक्त मधल्या छोट्या भागाचा उजेड मोजतो) ठेवून सूर्य सोडून त्याच्या बाजूचं उजळ आकाश मोजा आणि त्यावर सेट करा. सूर्य वर असताना १/५०० ते १/१०००, टेकताना १/१२५ ते १/२५०, बुडल्यावर दहा मिनिटांनी १/१५ ते १/४, वीस मिनिटांनी एक-दोन सेकंद. हे आकडे सुरुवातीला धरायला, धुरकं आणि ढग यानं बदलतात, म्हणून दर दोन मिनिटांनी हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) बघा, उजवीकडं भिंतीला चिकटायला नको. सूर्याचा गोळा थोडा फुटला (पार पांढरा पडला) तर चालतंय, त्याच्या भोवतीचं आकाश फुटता कामा नये. खालची सावली रॉमधनं बऱ्यापैकी वर आणता येते, फुटलेलं आकाश परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवू नका, कॅमेऱ्याला वाटतं हा लाल रंग चुकून आलाय आणि तो पुसतो. डेलाइट ठेवा, फार तर क्लाउडी. पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) काढून ठेवा, सूर्याच्या दिशेला त्याचा आकाशावर उपयोग नाही आणि वाळूवरचं प्रतिबिंब मात्र तो खातो, ज्याच्यासाठी आपण तिथी बघून आलोय. ग्रॅज्युएटेड एनडी (वर काळसर, खाली पारदर्शक फिल्टर) असेल तर समुद्राच्या सरळ क्षितिजावर झकास बसतो, नसेल तर आकाशाचा एक आणि जमिनीचा एक असे दोन एक्स्पोजर ट्रायपॉडवर घेऊन नंतर जोडा, लाटा हलतात म्हणून जोड क्षितिजावरच ठेवा. आणि क्षितिज सरळ ठेवा हो, लई फोटोंत समुद्र एका बाजूला सांडलेला असतो.

लाटेचा फोटो काढताना शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणा आणि लाट येताना दाबू नका, ती परत जायला लागली की दाबा. परत जाणारं पाणी वाळूवर, दगडांभोवती पांढऱ्या रेघा ओढत जातं, त्या रेघा फोटोत नजर आत घेऊन जातात. ट्रायपॉडचे पाय आधी दाबून वाळूत खोल रोवा, लाटेनं पायाखालची वाळू सरकते आणि फोटो हलतो.

मोबाईलवाल्यांसाठी. आधी लेन्स स्वच्छ पुसा, बोटाचा तेलकट डाग असला की सूर्याचे पट्टे फाकतात आणि लोक त्याला फोनचा दोष म्हणतात. मग स्क्रीनवर सूर्याच्या शेजारच्या आकाशावर बोट धरून ठेवा, लॉक झालं की उजेडाची पट्टी खाली ओढा, आकाशाचा रंग डोळ्याला दिसतो तसा येईपर्यंत. डिजिटल झूम नको, फोनमध्ये २ किंवा ३ पटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. फोनची खरी कमाल वाइडमध्ये आहे, ओल्या वाळूपासून वीतभर वर फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खाली येते, आणि आख्खं आकाश प्रतिबिंबात घ्या. डीएसएलआरला ते इतकं सोपं जात नाही. बुडाल्यानंतर नाइट मोड, फोन कशाला तरी टेकवून.

घरच्यांचे फोटो सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी उरका, सूर्य पाठीशी न ठेवता बाजूला ठेवा, चेहऱ्यावर एका बाजूनं सोनेरी उजेड येतो. किंवा सूर्य बुडाल्यावर पाचेक मिनिटांनी त्यांना समुद्राकडं तोंड करून उभं करा आणि तुम्ही पाण्याच्या बाजूला पाठ करून काढा. आख्खं पश्चिमेचं आकाश तेव्हा मोठ्या सॉफ्टबॉक्सचं (स्टुडिओतला मऊ उजेडाचा दिवा) काम करतं, डोळे मिचकावले जात नाहीत, कातडी छान दिसते. फक्त एकजण लाटेवर लक्ष ठेवायला पाहिजे, तुमची पाठ तिकडं आहे. गणपतीपुळ्याचा समुद्र तसाही पोहायला धोक्याचा म्हणून ओळखला जातो, गुडघ्याच्या पुढं पाण्यात जाऊ नका.

आणि सूर्य बुडाला की निघू नका, हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काय करूलालाव मालक, सूर्य गेला की’, आणि सगळे बॅगा आवरून गाडीकडं जातात. खरा रंग त्यानंतर चढतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत आपल्या भागात बावीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यातली दहा ते वीस मिनिटांची वेळ ढगांसाठी सगळ्यात चांगली. आकाश आणि वाळू यांच्या उजेडातला फरक आता कमी झालेला असतो, कॅमेरा दोन्ही एका फोटोत सांभाळतो, मागच्या वेळी काळं आलं होतं ते सगळं आता दिसायला लागतं. एकदा मागं वळूनही बघा, पूर्वेला डोंगरांच्या वर गुलाबी पट्टा आणि त्याच्याखाली निळसर-करडी सावली असते, ती पृथ्वीची स्वतःची सावली. तिचाही फोटो काढा. हे फार वेळ टिकत नाही, पण हेडटॉर्च खिशात असली की घाई होत नाही.

खाऱ्या हवेचं एक-दोन गोष्टींत आवरतो. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, दुपारीच ठरवा आज कुठली. एसी गाडीतनं उतरल्यावर काचेवर वाफ धरते, म्हणून बॅग अर्धा तास आधी बाहेर काढा. लेन्सवर तुषार उडाले तर कोरड्या कापडानं घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात, आधी किंचित ओल्या मऊ कापडानं टिपा मग कोरडं. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री बाथरूममध्ये गोड्या पाण्याखाली धरा, नट उघडून, नाहीतर महिन्याभरात जाम होतात.

अजून वेळ आहे तर एक करा, जायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर जाऊन शटर बदलायचा सराव करून घ्या, भरती-ओहोटी सोडली तर बाकी सगळं तिथं शिकता येतं, बुडतानाची अडीच मिनिटं तिथंही तेवढीच. स्पॉट मीटरिंगचं बटण, लाइव्ह व्ह्यू, दोन सेकंदांचा टायमर हे अंधारात हाताला सापडायला पाहिजे. तुमच्या तारखा आणि त्या दिवसांच्या तिथी सांगा, टाइड टेबल बघून कुठल्या संध्याकाळी आरे-वारे आणि कुठल्या संध्याकाळी खालची वाळू ते मी सांगतो.